दारूने गेला, हे ठरवले कोणी?

चाळिशीतला माणूस. पोट पाण्याने फुगलेले, हातापायाच्या काड्या झालेल्या, डोळे पिवळे. एके रात्री रक्ताची उलटी होते आणि दोन दिवसांत सारे संपते. मुरुडपासून मुखेडपर्यंत लातूर-नांदेडच्या कोणत्याही वस्तीत हे मरण अनोळखी नाही. जलदान विधीला जमलेली माणसे उठता उठता एकच वाक्य बोलतात, 'दारूने गेला बिचारा!' झाले, निकाल लागला. ना तपास, ना पुरावा, ना अपील!

आम्ही विचारतो, हे ठरवले कोणी? त्या माणसाच्या रक्ताची साधी कार्ड टेस्ट तरी कोणी केली होती काय? दवाखान्यात 'पितोस का?' एवढा एक प्रश्न विचारला जातो आणि 'कधीमधी' असे उत्तर आले की पुढचे कागद कोरेच राहतात. वस्तीचे नाव ऐकले, आडनाव ऐकले की रोगाचे निदान अर्धे तिथेच होते. आणि ज्या बाईने आयुष्यात दारूला हात लावला नाही, ती याच दुखण्याने गेली तर? तर 'पोटात गाठ होती', नाहीतर 'कोणी तरी करणी केली'. म्हणजे पुरुष मेला तर दोष त्याच्या व्यसनाचा आणि बाई मेली तर दोष भानामतीचा. विषाणूचे नाव कोणाच्याच तोंडी येत नाही.

दारू यकृताचा नाश करते, यात शंका नाही. पंचशीलातील पाचवे शील आम्ही उगाच घेतलेले नाही. परंतु यकृत सडवणारे आणखी दोन मोठे शत्रू आहेत, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी. ते कोणाची जात पाहत नाहीत. मात्र गरिबाच्या घरात शिरले की तिथून त्यांना कोणी हुसकावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात हिपॅटायटिस बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. जगभरात त्या एका वर्षात विषाणूजन्य हिपॅटायटिसने १३ लाख माणसे मेली. यातल्या बहुसंख्यांना आपल्याला काही झाले आहे याची कल्पनाच नसते. कारण हा विषाणू वीस-वीस, तीस-तीस वर्षे गुपचूप बसतो. माणूस ऊस तोडतो, विटा वाहतो, लग्न करतो, मुले होतात, आणि आत यकृत दगडासारखे होत जाते. दिसायला लागते तेव्हा पोटात पाणी झालेले असते.

मराठवाड्यात कावीळ हा शब्द घरोघरी माहीत आहे, पण त्यातच सारा घोटाळा आहे. एक कावीळ पाण्यातून येते. हिपॅटायटिस ए आणि ई हे तिचे विषाणू. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागाला घाण पाण्याच्या रोगांची ओळख करून देण्याची गरज नाही. ही कावीळ बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि नेमके इथेच बुवा-बाबांचे फावते! गळ्यात माळ घालतात. माळ दिवसेंदिवस लांबते आणि माणसाला वाटते कावीळ उतरली. प्रत्यक्षात वनस्पतीचे ओले तुकडे सैल दोऱ्यात गुंफलेले असतात, ते वाळून आकसतात आणि गाठी सरकून माळ खाली येते. हात चुन्याच्या पाण्याने धुतले की पिवळे पाणी निघते, तीही सालीच्या पुडीची करामत. माळ घातली नसती तरी तो रोगी बराच झाला असता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे प्रयोग गावोगाव करून दाखवले आहेत. तरी शिकलेली माणसे आजही मोटारसायकलवर बसून माळ घालायला जातात.

दुसरी कावीळ रक्तातून येते. लोक बी ला 'पांढरी कावीळ' म्हणतात, कारण डोळे पिवळे न होताही ती आत असते. तिला माळ चालत नाही, नाकात टाकायचा रस चालत नाही, झाडपाला चालत नाही. पाण्याच्या काविळीत 'गुण आला' म्हणून ज्याच्यावर विश्वास बसला, त्याच्याचकडे माणूस रक्ताच्या काविळीसाठीही जातो आणि उपचाराची वर्षे तिथेच वाया जातात.

ही रक्ताची कावीळ आमच्या वस्तीत येते कुठून? सर्वांत आधी आईकडून. बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तातील बी चा विषाणू बाळाला लागला तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा घर करतो. हाच विषाणू धडधाकट प्रौढाला लागला तर शंभरात पंचाण्णव जण त्याला स्वतःच परतवतात. म्हणजे चाळिशीत मेलेल्या त्या माणसाला विषाणू कदाचित जन्माच्या पहिल्याच दिवशी लागला असेल, जेव्हा त्याने दारू तर सोडाच, आईचे दूधही चाखले नव्हते! जन्मल्यानंतर २४ तासांच्या आत बी ची लस टोचली की हा धोका बराच टळतो. महाराष्ट्रासह दहा राज्यांत ही लस २००७-०८ मध्ये सरकारी लसीकरणात आली आणि २०११ पासून देशभर. त्याआधी जन्मलेली पिढी, म्हणजे आजचे आमचे सारे कमावते हात, बहुतांशी बिनलसीचे आहेत.

मग सुई. ताप आला की 'सुई मारा', अंगात त्राण नाही की 'सलाईन लावा', हे वेड आमच्या लोकांना लावले कोणी? ज्यांनी गोळीपेक्षा सुईचे पैसे जास्त मिळतात हे ओळखले त्यांनीच ना? २००९ साली गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात हिपॅटायटिस बी ची मोठी साथ आली आणि अनेक माणसे दगावली. वापरलेल्या सुया आणि सिरिंज पुन्हा वापरल्याचे त्यात उघड झाले. जत्रेत एकाच सुईने दहा जणांचे गोंदण, एकाच ब्लेडने पाच जणांची दाढी, हेही रस्ते आहेतच. पूर्वी न तपासलेले रक्त चढवले गेले, त्यातूनही रोग पसरला. शारीरिक संबंधातूनही बी पसरतो.

आणि एक रस्ता असा आहे जो थेट आमच्याच दारात येतो. दवाखान्यातील सुया, रक्ताचे बोळे, प्लास्टिकच्या नळ्या उचलतो कोण? शहराच्या उकिरड्यावर भंगार वेचताना वापरलेली सुई कोणाच्या बोटात घुसते? इथे जात स्पष्ट दिसते. झाडू ज्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, त्याच हातांत आज वैद्यकीय कचऱ्याची पिवळी पिशवी आहे. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. नियमात कायम कामगार आणि कंत्राटी कामगार असा भेद नाही. प्रत्यक्षात ठेकेदाराच्या सफाई कामगाराला विचारा, 'बाबा, तुला तीन डोस मिळाले का?' बहुतेक वेळा तो उलट विचारील, 'कसले डोस?'

आता औषधाकडे येऊ. कारण या रोगावर इलाजच नाही, हा समज आता सपशेल खोटा आहे.

सी चा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्यासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०२० चे नोबेल मिळाले. अनेक वर्षे त्यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने हाच उपाय होता. दर आठवड्याला सुई, सोबत गोळ्या, सहा महिने ते वर्षभर. ताप, अंगदुखी, मन खचून जाणे, आणि एवढे करून अनेकांचा रोग जातच नसे. खर्च लाखांत. मजुराने तो विचारही करू नये. मग सोफोसबुविर आले. हे औषध विषाणूला स्वतःची नक्कल काढू देत नाही. त्याच्या जोडीला डॅक्लाटासविर दिले की दोन गोळ्या रोज, बारा आठवडे, आणि शंभरात पंचाण्णवच्या आसपास रुग्णांच्या रक्तातून विषाणू कायमचा नाहीसा होतो. यकृत आधीच फार खराब झाले असेल तर गोळ्यांची जोडी आणि मुदत बदलते. पण 'बरा झालो' हा शब्द सी च्या रुग्णाला आज खऱ्या अर्थाने उच्चारता येतो.

बी चे तसे नाही. त्याच्यावर टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही गोळी आहे. ती विषाणूची वाढ दाबून ठेवते, यकृताचे सडणे थांबवते, कर्करोगाचा धोका कमी करते. पण विषाणू पेशीच्या गाभ्यात आपले बियाणे लपवून ठेवतो, म्हणून गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षे घ्यावी लागते. बी निघालेल्या प्रत्येकालाच ती लागते असेही नाही. रक्तात विषाणू किती, यकृताला सूज किती, यकृत कडक झाले का, हे पाहून डॉक्टर ठरवतात. ज्याला आज लागत नाही त्यानेही ठरावीक काळाने तपासणी करत राहायची. मात्र एकदा सुरू केलेली गोळी मनाने बंद करणे म्हणजे झोपलेल्या वाघाला काठीने डिवचणे! विषाणू एकदम उसळतो आणि माणूस जाऊ शकतो. हे वाक्य आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे.

या गोळ्या स्वस्त कशा झाल्या, हे आमच्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावे. सोफोसबुविरला डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा गिलियड कंपनीने एका गोळीची किंमत ठेवली एक हजार डॉलर. बारा आठवड्यांचे ८४ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पन्नास लाख रुपयांच्या वर. मुरुडच्या शेतमजुराने सात जन्म मजुरी केली असती तरी ते फिटले नसते, आणि आम्ही तर सात जन्मही मानत नाही! पण भारतात १९७० च्या पेटंट कायद्याची परंपरा होती. औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट, असा तो कायदा. त्याच जोरावर इथला औषध उद्योग उभा राहिला. २००५ मध्ये जागतिक व्यापाराच्या दबावाखाली कायदा बदलला. तरी जुन्याच औषधाला किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मागण्याला आळा घालणारे कलम ३(ड) त्यात राहिले. त्या कायद्याच्या आधारे एचआयव्हीग्रस्तांच्या संघटना पेटंट कार्यालयात जाऊन भांडल्या. टेनोफोविरचे पेटंट अर्ज २००९ मध्ये भारतात फेटाळले गेले. सोफोसबुविरलाही दिल्लीच्या एचआयव्हीग्रस्तांच्या संघटनेने विरोध केला. २०१४ च्या सप्टेंबरात गिलियडने भारतीय कंपन्यांना परवाने दिले आणि किंमत कोसळली. जानेवारी २०१५ मध्ये पेटंटचा अर्ज एकदा फेटाळलाही गेला. पुढे मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले ते झालेच. पण तोवर भारतीय गोळी बाजारात आली होती. ज्यांना समाजाने वाळीत टाकले होते, अशा आजारी माणसांनी कायद्याचे पुस्तक हातात घेऊन ही गोळी स्वस्त केली. कोणा शेठजीच्या दानधर्माने ती आलेली नाही.

सरकारी पातळीवर पंजाबने जून २०१६ मध्ये सी चा मोफत उपचार सुरू केला. २८ जुलै २०१८ ला केंद्राचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम आला. त्यात तपासणी मोफत, विषाणू मोजण्याची महागडी चाचणी मोफत, बी आणि सी दोन्हींची औषधे मोफत. जिल्ह्याला किमान एक उपचार केंद्र, अशी त्याची आखणी. कागदावर पाहिले तर चांगला कार्यक्रम आहे, आम्ही नाकारत नाही.

पण कागद आणि मुरुड यांच्यामध्ये रस्ता आहे. गावच्या ग्रामीण रुग्णालयात कार्ड टेस्ट झाली, रेघ उमटली. पुढे? 'लातूरला जा.' लातूरला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले, रांगेत दुपार झाली. 'रक्त घेतले, रिपोर्ट नंतर या.' दुसरी खेप. 'सोनोग्राफी करून आणा.' तिसरी खेप. चौथ्या खेपेला माणूस येतच नाही. सरकारी वहीत त्याची नोंद काय होते? 'रुग्ण उपचारास आला नाही.' म्हणजे इथेही दोष त्याचाच! औषध फुकट असते, पण औषधापर्यंत पोहोचण्याची किंमत रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही.

आणि औषधांचा पुरवठा? सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला. मग एक खासदार आले आणि त्यांनी आदिवासी समाजातून आलेल्या अधिष्ठात्यांनाच शौचालय साफ करायला लावले. त्यांच्यावर अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. औषध का नाही, खाटा किती, परिचारिका किती, हे प्रश्न बाजूला राहिले आणि झाडू पुन्हा त्याच हातात गेला! ज्या व्यवस्थेत असे घडते, तिथे बारा आठवड्यांची गोळी एकही दिवस न चुकता मिळेल याची हमी लोकांनी लक्ष ठेवूनच घ्यावी लागेल.

घटनेचे ४७ वे कलम उघडून पाहा. लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे, असे ते सांगते. त्याच कलमात मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचेही कर्तव्य आहे. म्हणजे दारू आणि आरोग्य या दोन्हींचा जाब बाबासाहेबांच्या घटनेने एकाच कलमात राज्याकडे मागितला आहे. राज्य काय करते? दारूच्या उत्पादन शुल्कातून तिजोरी भरते, वस्तीच्या तोंडाशी दुकानाला परवाना देते, आणि यकृत गेले की म्हणते, 'दारूडा होता.'

अमिताभ बच्चन यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात ते जखमी झाले, अनेकांचे रक्त त्यांना चढवले गेले, त्यातून हिपॅटायटिस बी लागला, पुष्कळ वर्षांनी कळले आणि यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता, असे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. ते या रोगाविरुद्धच्या प्रचारात उतरले, चांगलेच केले. पण त्यांचे यकृत खराब झाले तेव्हा 'पीत असतील' असे कोणी म्हटले नाही. त्यांचे रक्त तपासले गेले. आमच्या माणसाचे चारित्र्य तपासले जाते, रक्त नाही. फरक एवढाच आहे!

आता घरातली गोष्ट. बी निघाला की पहिल्यांदा काय होते? ताट वेगळे, पेला वेगळा, अंथरूण वेगळे. सून असेल तर माहेरी पाठवणी. पोरगा असेल तर ठरलेली सोयरीक मोडते. बी किंवा सी एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, बाळाला दूध पाजल्याने पसरत नाही. दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि सुई मात्र वेगळी हवी, आणि घरातल्या इतरांची तपासणी करून बी ची लस घेतली की पुरे. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेल्यांची आम्ही लेकरे. आमच्याच घरात आजारी माणसाचा पेला वेगळा ठेवला जात असेल तर तो कोणत्या धर्माचा आचार म्हणायचा? कायद्याचेही पाहा. एचआयव्हीग्रस्ताला नोकरीत, दवाखान्यात भेदभाव होऊ नये म्हणून २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. हिपॅटायटिसच्या रुग्णाला त्याचे संरक्षण नाही. वैद्यकीय तपासणीत बी निघाला म्हणून ज्याची नोकरी गेली, त्याने कोणाकडे दाद मागायची? आमच्या खासदार-आमदारांनी हा प्रश्न सभागृहात मांडावा.

याच मराठवाड्याने नामांतरासाठी सोळा वर्षे झुंज दिली. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे या नांदेडच्याच मातीतल्या शहिदांची नावे आम्ही दरवर्षी घेतो. त्या मानाने आम्ही आज जे मागतो आहोत ते फार छोटे काम आहे.

१४ एप्रिलला गावोगावची जयंती मंडळे रक्तदान शिबिरे घेतात. पिशवीतल्या प्रत्येक रक्ताची बी, सी, एचआयव्ही, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होतेच. दोष निघाला की पिशवी नष्ट होते. पण तो निरोप त्या तरुणाला पोहोचतो का? फॉर्मवर निकाल कळवण्याच्या संमतीची खूण असते, ती घाईत कोणी वाचत नाही आणि फोन नंबर चुकीचा लिहिलेला असतो. मंडळाने एवढे करावे. प्रत्येक दात्याचा नंबर स्वतः तपासून लिहून घ्यावा, संमतीची ओळ त्याला वाचून दाखवावी आणि रक्तपेढीने निकाल गुप्तपणे थेट त्याच्याच हाती द्यावा, असे आधीच लेखी ठरवून घ्यावे. निकाल मंडळाच्या फळ्यावर लावायचा नसतो, हेही सांगून ठेवतो!

महिला मंडळांनी वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईची बी ची तपासणी झाली का ते विचारावे. झाली असेल आणि दोष निघाला असेल तर बाळंतपण दवाखान्यातच, बाळाला २४ तासांत लस आणि सोबत प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळाले पाहिजे. विषाणू फार असेल तर गरोदरपणातच आईला टेनोफोविर देतात, तेही मोफत. सफाई कामगारांच्या संघटनांनी दवाखान्याकडे लसीकरणाची यादी माहितीच्या अधिकारात मागावी. कंत्राटी कामगारांची नावे त्या यादीत नसतील, तर तोच अर्ज पुढच्या तक्रारीला जोडता येतो.

राहिली ऊसतोड. जळकोट, अहमदपूर, मुखेड, कंधारच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. कोल्हापूर-सांगलीच्या फडावर, नाहीतर कर्नाटकात, गोळी संपली तर महिन्याची गोळी घ्यायला लातूरला कोण येणार? निघण्याआधी केंद्रात जाऊन किती महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील ते विचारावे. न मिळाल्यास ज्या जिल्ह्यात जायचे तिथल्या उपचार केंद्राच्या नावे चिठ्ठी मागावी. ती चिठ्ठी, रिपोर्ट आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोयत्याच्या बोचक्यातच बांधावे. टोळीच्या मुकादमाला काही सांगण्याची गरज नाही, घरच्या एका माणसाला मात्र सांगून ठेवावे.